दुसऱ्याच्या पाळीत बोलायचं नाही

ऑफिसात तिला सगळे घार म्हणत. पाठीमागेच म्हणत, पण तिला ऐकू जाईल इतपत मोठ्याने, आणि तिलाही ते मनातून आवडत असे. गेम बनवणाऱ्या एका लहानशा कंपनीत ती तपासनीस होती. गेम खेळायचा, पण मजेसाठी नाही. तो कुठे अडखळतो, कुठे लटकतो, कुठे चित्र फाटतं ते बघायचं आणि लिहून काढायचं. पडद्यावर सेकंदाला तीस चित्रं सरकतात, त्यांना फ्रेम म्हणतात. त्यातल्या दोन गळाल्या तर तुम्हाआम्हाला पत्ताही लागणार नाही. हिला लागायचा. यंत्रावर आकडा उमटायच्या आत ती "हं, गेली," म्हणायची आणि चहाचा घोट घ्यायची. एकोणीस वर्षं ती हेच करत होती. अशी ही नजर. आणि या नजरेतून एकच गोष्ट निसटली, तीही लांबची नाही, तिच्याच स्वयंपाकघरातल्या टेबलापलीकडची. दिव्याखाली अंधार म्हणतात ते काही उगीच नाही. तिच्या सख्ख्या भावाच्या डोक्यात काहीतरी वाढत होतं, नऊ महिने तिच्यासमोर वाढत होतं, आणि ती समोर बसून त्याचं कौतुक करत होती.

दादा तिच्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठा. वडिलांचं काचेचं दुकान होतं. खिडक्यांच्या काचा, आरसे, फोटोंच्या चौकटी. आई आधीच गेलेली. वडील गेले तेव्हा दादा सोळाचा होता. त्याने शाळेचं दप्तर खुंटीला टांगलं ते कायमचंच, आणि काच कापायचं हिरकणीचं हत्यार हातात घेतलं. "सोळाचा बाप आणि सात वर्षांची लेक," असं शेजारच्या काकू म्हणायच्या. त्याने तिला शिकवलं, तिच्या वेण्या घातल्या (वाकड्या घातल्या, पण घातल्या), आणि प्रत्येक परीक्षेनंतर दुकानाच्या दारात उभं राहून येणाऱ्याजाणाऱ्याला तिचे मार्क ऐकवले. स्वतःचं लग्न केलं नाही. कोणी विषय काढला की म्हणायचा, "माझ्या हातून काच फुटत नाही तेवढं पुरे आहे. संसार कशाला फोडायला लावता?" पुढे तिचं लग्न झालं, सहा वर्षांनी मोडलं, ती बॅग घेऊन परत आली. दादाने एकही प्रश्न विचारला नाही. तिच्या खोलीच्या खिडकीची काच तडकलेली होती, ती त्या संध्याकाळी बदलून टाकली.

ऑफिसातली घार घरात मात्र चिमणी होती. शेहेचाळीस वर्षांच्या, चष्मा लागलेल्या, केस पिकायला लागलेल्या बाईला तो "चिमणे" म्हणून हाक मारायचा आणि ती ओ द्यायची.

दोघांमध्ये एक जुनी खोड होती. दुकानात काचा ज्या पेट्यांतून येत त्यात जाड खाकी कागद असायचा. दादा त्यावर चौकोन आखायचा, शर्टाची बटणं म्हणजे सैनिक, खडू म्हणजे किल्ला, आणि दोघं पाळीपाळीने लढाई खेळायची. तिची पाळी आली की दादा गुणगुणायचा, खोकायचा, "बघ हं, तिकडे बघ," म्हणून तिला घाबरवायचा. आठ वर्षांची ती एकदा इतकी चिडली की रडतरडत तिने नियमच केला: दुसऱ्याच्या पाळीत बोलायचं नाही. दादाने तो कागदावर लिहिला, खाली दोघांनी सह्या केल्या, आणि कागद दुकानाच्या कपाटाला आतून चिकटवला. तो अजून तिथे होता. अडतीस वर्षांत हा नियम एकदाही मोडला नाही. नियम तिने केला होता, हे लक्षात ठेवा.

खेळाडू म्हणून दादा अगदी टाकाऊ. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, त्यातली गत. काच कापायची तर रेघ एका दमात ओढावी लागते. हात मध्ये थांबला की काच भलतीकडे फुटते. चाळीस वर्षं हेच केलेला माणूस खेळही तसाच खेळायचा. पाळी आली की सरळ पुढे, सगळे सैनिक एका ओळीत, आणि मग मार खाऊन परत.

"दादा, ही काच नाही," डाव मांडतानाच ती म्हणायची. "थांब जरा. विचार कर. तुझी पाळी कोणी पळवून नेत नाही."

"विचार केला की माझं बिघडतं," दादा म्हणायचा आणि हरायचा. ती जिंकायची आणि वर त्याच्या चुका मोजून दाखवायची. शाबासकी द्यायचं काम घरात त्याचं होतं. तिने त्याला ती दिल्याचं दोघांपैकी कोणालाच आठवत नव्हतं.

मागच्या वर्षी कंपनीने एक जुना गेम हातात धरायच्या छोट्या कन्सोलवर आणायचं काम घेतलं. पाळीपाळीने खेळायचा लढाईचा गेम. चौकोनांचा नकाशा, तिरंदाज, भालाईत, घोडेस्वार, आणि एकदा मेलेला सैनिक पुन्हा उठत नाही. मोठ्या कॉम्प्युटरवर तो लोण्यासारखा चालायचा. तळहाताएवढ्या यंत्रात कोंबल्यावर त्याला धाप लागू लागली. सगळ्यात वाईट हाल नदीच्या नकाशावर. पाण्यात झाडांची प्रतिबिंबं, वर धुकं, दोन्ही काठांवर मिळून चाळीस सैनिक. शत्रूची पाळी आली की फ्रेम तिसावरून एकोणिसावर यायच्या, यंत्र तापायचं आणि पाणी गोठायचं.

ग्राफिक्सचं काम करणारा पोरगेलासा इंजिनिअर तिच्याशी रोज वाद घालायचा. "अहो घारबाई," तो म्हणायचा, कारण तो एकटाच तोंडावर म्हणायचा, "हा काही गोळ्या चुकवायचा गेम नाही. माणूस निवांत बसून विचार करतोय. दोन फ्रेम गेल्या तर कोणाचं काय जातंय?"

"माणूस थांबलेला असतो तेव्हाच गेम हलता दिसला पाहिजे," ती म्हणाली. "पाणी वाहत असलं तर त्याला कळतं की यंत्र जिवंत आहे, आपली वाट बघतंय. पाणी थांबलं की त्याला वाटतं लटकलं. मग तो चार बटणं दाबतो, आणि भलताच सैनिक भलतीकडे जाऊन मरतो. थांबणं वेगळं आणि अडकणं वेगळं."

हे शेवटचं वाक्य तिचं ठरलेलं होतं. नव्या तपासनिसांसाठी तिने एक पान लिहून ठेवलं होतं, त्यावर पहिली ओळ हीच. थांबणं वेगळं, अडकणं वेगळं, आणि ते ओळखणं हे आपलं काम. शेवटी इंजिनिअरने प्रतिबिंबं थोडी पुसट केली, लांबची झाडं सपाट केली, धुकं अर्ध्यावर आणलं, आणि नदी वाहू लागली. नाही म्हणायला पोरगा हुशार होता.

या गेममध्ये एकाच कन्सोलवर दोघांनी आळीपाळीने खेळायची सोय होती. ती तपासायची तर दोन माणसं हवीत, आणि ऑफिसात दोघांना एकत्र मोकळा वेळ मिळणं कठीण. तिने कन्सोल घरी नेण्याची परवानगी काढली. तो तपासणीचा खास कन्सोल होता, कोणतं बटण कधी दाबलं, कर्सर कुठे होता, कोणत्या क्षणी किती फ्रेम होत्या, सगळ्याची आत नोंद ठेवणारा. अशा रीतीने दर रविवारी सकाळी, चहाचे कप बाजूला सारून, खाकी कागद आणि शर्टाच्या बटणांचा खेळ पुन्हा सुरू झाला.

दादाला गेम बेहद्द आवडला. त्यातही एक म्हातारा नावाडी. लढायला तो काही कामाचा नव्हता, नुसता सैनिकांना नदीपार न्यायचा. पण दादाचा जीव त्याच्यावर. "हा आपल्यातला," तो म्हणायचा. आणि उतावळेपणाने दर खेपेला त्यालाच तिरंदाजांच्या तोंडी द्यायचा, मग कपाळावर हात मारून घ्यायचा. पहिले काही आठवडे नावाडी दर रविवारी मेला.

मग हळूहळू दादा बदलला. पाळी आली की तो थांबू लागला. कन्सोल दोन्ही हातांत, अंगठा बटणावर, नजर पडद्यावर, आणि गप्प. पाच सेकंद, दहा सेकंद. तिला आधी नवल वाटलं, मग बरं वाटलं. कर्सर कधी नकाशाच्या पार कडेला गेलेला दिसायचा. तिला वाटायचं, पलीकडच्या काठाचा अंदाज घेतोय. नियमाप्रमाणे ती बोलत नसे. त्याची तंद्री मोडू नये म्हणून कपसुद्धा बशीत अलगद ठेवायची. एका रविवारी असाच तो बराच वेळ गप्प राहिला, मग दचकल्यासारखं तिच्याकडे पाहिलं, कडेला उभा असलेला नावाडी उचलला आणि होडी मागे घेतली. ऐन वेळी घेतली. तिचे तीन तिरंदाज हात चोळत बसले. त्या खेळात तो जिंकला.

"शाबास दादा," ती म्हणाली. "आता कसं विचार करून खेळलास!"

दादा तिच्याकडे बघत राहिला. मग एकदम लाजला, पन्नाशी ओलांडलेला माणूस कानापर्यंत लाल झाला, आणि चहा ठेवतो म्हणून उठला. सोमवारी तिने ऑफिसात सगळ्यांना सांगितलं की चाळीस वर्षं पालथ्या घड्यावर पाणी ओतत होते, पण शेवटी घडा सुलटा झाला बरं का.

आणखीही गोष्टी होत्या. दुकानामागच्या पिंपात फुटक्या काचांचा ढीग वाढला होता. तिने विचारलं तर दादा म्हणाला, "हल्ली मालच वाईट येतो." तेही तिला पटलं. बोलताबोलता तो वाक्य अर्ध्यात सोडायचा. तिला वाटलं, म्हातारा व्हायला लागला. घार आकाशातून उंदीर बघते म्हणतात. घरट्यात काय बघते ते कोणी सांगत नाही.

मग एका दुपारी दुकानातून गिऱ्हाईकाचा फोन आला. दादा हातात काच धरून उभा होता, हाक मारली तर ओ देईना, आणि उभ्या उभ्या कोसळला. काच हातावर फुटली. ती हॉस्पिटलात पोचली तोवर हाताला टाके पडले होते आणि डोक्याचे फोटो काढून झाले होते. फोटो उजेडाच्या पाटीवर लावून डॉक्टरीणबाईंनी पेनाच्या टोकाने दाखवलं. लिंबाएवढी गाठ, कडा पसरलेल्या.

"यांना असे झटके आधी येत होते का?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं. "पडायचे नाहीत, बारीक. माणूस काही सेकंद जागच्या जागी हरवतो. डोळे उघडे असतात, हातातलं हातात राहतं, पण तो तिथे नसतो. मग जणू काही झालंच नाही. घरात कोणाच्या लक्षात आलं होतं?"

"नाही," ती ठामपणे म्हणाली. "आम्ही एकाच घरात राहतो. दर रविवारी तासनतास समोरासमोर बसतो. असं काही असतं तर माझ्या लक्षात आलं असतं. माझं कामच ते आहे."

हे वाक्य तोंडातून पुरतं बाहेर पडलं आणि तिला ते टेबल दिसलं. बटणावरचा अंगठा दिसला. नकाशाच्या कडेला गेलेला कर्सर दिसला. तिने डॉक्टरीणबाईंच्या टेबलाची कड धरली. "बसा," त्या म्हणाल्या. ती बसली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती ऑफिसात सगळ्यांच्या आधी पोचली, कन्सोल जोडला आणि नोंदी उघडल्या. नऊ महिन्यांचे रविवार. अशा नोंदी तिने हजारोंनी वाचल्या होत्या. विचार करणाऱ्या माणसाची नोंद तिला पाठ होती: कर्सर इकडेतिकडे फिरतो, हा सैनिक उघडून बघ, तो बंद कर, परत मागे ये. विचार करणारा माणूस कधी स्वस्थ बसत नाही. तिच्या स्वतःच्या पाळ्या तशाच होत्या. दादाच्या पहिल्या काही आठवड्यांतल्या पाळ्या म्हणजे सरळ रेघा, धडाधड. आणि मग एका तारखेला, मध्येच, सात सेकंद. उजवीकडचं बटण दाबलेलं ते दाबलेलंच. कर्सर सरकत सरकत नकाशाच्या कडेला गेलेला आणि तिथे थडकत राहिलेला. कुठलाही सैनिक उघडला नाही, काही बंद केलं नाही. सात सेकंद. पुढच्या रविवारी नऊ. मग अकरा, चौदा, एकदा सव्वीस. शहाण्या पोराला शिकवावं तसं तिने नव्यांना शिकवलं होतं की याला अडकणं म्हणतात.

आणि त्या सबंध वेळात फ्रेम तीसच्या तीस. एकही गळालेली नाही. त्या तारखेचा तिचा अहवाल तिने काढला. तिच्याच शब्दांत लिहिलं होतं: "नदीच्या नकाशावर दोन्ही खेळाडूंच्या पाळीत कुठेही काहीही अडखळत नाही."

ग्राफिक्सवाला इंजिनिअर आत आला तेव्हा ती पडद्यापुढे रडत होती. आवाज न करता नव्हे, चांगली हुंदके देऊन. त्याने पडदा पाहिला, तिच्याकडे पाहिलं. तो पाण्याचा ग्लास घेऊन आला आणि सगळ्या नोंदी त्याने स्वतः छापून दिल्या.

डॉक्टरीणबाईंनी ते कागद बराच वेळ पाहिले. "इतकी स्वच्छ तारीखवार माहिती आम्हाला कधी कोणी आणून देत नाही," त्या म्हणाल्या. त्यांनी चांगल्या मनाने म्हटलं, पण तिला ते चटक्यासारखं लागलं.

"या पहिल्या तारखेला आणलं असतं तर?"

"तसं सांगता येत नाही."

"सांगा."

डॉक्टरीणबाईंनी कागद खाली ठेवले. "गाठ लहान असती," त्या म्हणाल्या. "लहान गाठ पुष्कळदा सगळी निघते. आता आम्ही निघेल तेवढी काढू."

निघेल तेवढी काढली. उरलेलीबद्दल त्यांनी बाहेरच्या बाकावर शेजारी बसून सांगितलं. काही महिने. सहा म्हटले होते, पण तो आकडा धरून बसू नका म्हणाल्या. दादाला हे सांगायची वेळच आली नाही. शुद्धीवर आल्यावर त्याने तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि म्हणाला, "बरं बरं. रडू नकोस. कपाटातली किल्ली काढून ठेव, दुकानात आरसा पडून आहे एका बाईंचा, तो देऊन टाकायला हवा."

ती घरी आल्याआल्या आरसा देऊन आली आणि ऑफिसातून बिनपगारी रजा घेतली. दादाच्या उजव्या हातातलं बळ गेलं होतं. डोक्यावरचे केस काढलेले, एका बाजूला टाक्यांची रेघ. दुकान बंद. तो खिडकीजवळच्या खुर्चीत बसून समोरच्या घरांच्या काचा बघायचा आणि कोणती कोणी बसवली आहे, कोणाच्या काचेभोवतीची पुट्टी सुटत चालली आहे, ते सांगायचा. तिसऱ्या आठवड्यात म्हणाला, "चिमणे, आपला नावाडी कुठे आहे?"

कन्सोल कपाटात तळाशी ठेवला होता. तिला तो डोळ्यांपुढे नको होता. पण त्याने मागितला म्हणून काढला, टेबल खुर्चीजवळ ओढलं, आणि दोघं बसली. त्याची पाळी होती. डाव्या अंगठ्याने तो हळूहळू कर्सर हलवत होता. तिच्याने राहवलं नाही.

"दादा, मला एक सांगायचंय."

"माझी पाळी चालू आहे."

"असू दे. नियम गेला खड्ड्यात. दादा, तू इथे बसून अडकायचास. दर रविवारी. मी समोर होते. मला सगळं दिसत होतं आणि मला वाटलं तू विचार करतोयस. सात सेकंद होते पहिल्यांदा. तेव्हाच तुला नेलं असतं तर..." नोंदी, तारखा, अहवालातलं वाक्य, सगळं तिने तुटक तुटक सांगितलं. दादाने कन्सोल मांडीवर ठेवला.

"मला कळत होतं," तो म्हणाला.

"काय?"

"एकदम नाही, पण कळत होतं. मी काहीतरी करत असायचो आणि मधला तुकडाच गायब. रेघ ओढायला घ्यायचो, भानावर यायचो तर काच फुटलेली. पहिल्यांदा वाटलं, वय झालं. मग भीती वाटायला लागली. तुला सांगणार होतो. त्याच सकाळी सांगणार होतो."

"कोणत्या सकाळी?"

"तू शाबास म्हणालीस त्या." दादा थोडं हसला. ऑपरेशननंतर त्याचं हसू एका बाजूलाच यायचं. "मी भानावर आलो तर तू माझ्याकडे बघत होतीस. म्हटलं, धरलं हिने. हिच्या नजरेतून काही सुटत नाही. आता विचारेल, की सांगून मोकळा होऊ. कर्सर कुठल्या कुठे गेलेला, नावाडी तिथे होता म्हणून त्यालाच उचलला. आणि तू म्हणालीस, शाबास दादा, आता कसं विचार करून खेळलास."

तिने चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"तू कधी म्हणाली नव्हतीस ना तसं. म्हटलं, आजचा दिवस राहू दे. पुढच्या रविवारी सांगू."

"आणि पुढच्या रविवारी?"

"त्या रविवारीही म्हणालीस," दादा म्हणाला.

तिने त्याच्या मांडीवर डोकं ठेवलं. लहानपणी ताप आला की ठेवायची तसं. तो डाव्या हाताने तिच्या पाठीवर थोपटत राहिला, आणि थोड्या वेळाने म्हणाला की कन्सोल खाली सरकतोय, तो तेवढा धर.

त्यानंतर दीड महिना ती दोघं रोज खेळली. रविवारची वाट बघण्यात अर्थ नव्हता. पहिल्याच दिवशी तिने कन्सोलच्या पोटात शिरून नोंद ठेवणं बंद केलं. एकोणीस वर्षांत तिने असं कधी केलं नव्हतं, आणि ऑफिसला कळवलंही नाही. आता ती त्याच्या पाळीत बोलायची. हवा कशी आहे, समोरच्यांनी खिडकी कशी उघडी टाकली आहे, इंजिनिअरचा फोन आला होता, काहीबाही. बोलताबोलता मध्येच विचारायची, "दादा, आहेस ना?" आणि तो म्हणायचा, "आहे, आहे. तू बोल." कधी उत्तर यायचं नाही. मग ती डॉक्टरीणबाईंनी झटक्यांसाठी दिलेली गोळी काढून ठेवायची आणि त्याचा हात धरून बसायची.

एका सकाळी नदीचाच नकाशा होता. उन्हं टेबलापर्यंत आली होती. दादाची पाळी. नावाडी मधल्या पात्रात, पलीकडच्या काठावर तिचे तीन तिरंदाज. तिने विचारलं, "आहेस ना?" उत्तर आलं नाही. अंगठा बटणावर दाबलेला राहिला. कर्सर सरकत सरकत कडेला गेला आणि तिथेच थांबला. पाणी मात्र वाहत होतं. पुसट प्रतिबिंबं, सपाट झाडं, अर्धं धुकं, आणि एकही फ्रेम न चुकवता वाहणारी नदी. तिने कन्सोलखाली हात धरला, म्हणजे तो पडणार नाही. किती सेकंद गेले ते तिने मोजलं नाही. मोजायची सवय आवरायला तिला ओठ चावावा लागला.

दादाच्या पापण्या हलल्या. त्याने कडेला गेलेला कर्सर पाहिला. तिच्याकडे पाहिलं, तिच्या हाताकडे पाहिलं.

"विचार करत होतो," तो म्हणाला.

"दिसलं मला," ती म्हणाली.

त्याने हळूहळू कर्सर मागे आणला, नावाडी उचलला आणि होडी सरळ तिन्ही तिरंदाजांच्या समोर नेऊन उभी केली. शेंबड्या पोरानेही केली नसती अशी चाल. मग मान वर करून तो तिच्याकडे बघत राहिला, परीक्षेचा निकाल हातात घेऊन ती कधीकाळी दुकानाच्या दारात उभी राहायची, तसा.

"शाबास दादा," ती म्हणाली. "आता कसं विचार करून खेळलास."

दादाने पाळी संपल्याचं बटण दाबलं आणि डाव्या हाताने कन्सोल तिच्याकडे सरकवला. तिचे तीन तिरंदाज समोर होते. ती बराच वेळ पडद्याकडे बघत बसली, आणि तिची पाळी होती म्हणून दादा काही बोलला नाही.